वापरून झाल्यावर

प्लास्टिकच्या सिरिंजा दवाखान्यात याव्यात म्हणून सगळ्यात जास्त भांडली होती ती कस्तुरा सिस्टर.

परभणीतला हा दवाखाना एका धर्मादाय ट्रस्टचा. पुढं रस्ता, मागं नाला, मधे बैठ्या इमारतीत बायकांचा, पुरुषांचा आणि बाळंतिणींचा असे तीन वॉर्ड. कस्तुरा तिथली मुख्य परिचारिका. नर्सिंगची शाळा संपवून आली ती याच दवाखान्यात, आणि मग इथंच राहिली. लग्न केलं नव्हतं. दवाखान्याच्या आवारातच तिला राहायला एक खोली होती.

इतकी वर्षं तिथं काचेच्या सिरिंजा होत्या. सकाळी उठून त्या धुवायच्या, दट्ट्या वेगळा, नळी वेगळी, सुया वेगळ्या, आणि सगळं उकळत ठेवायचं. सुया बोथट झाल्या की दगडावर घासून धार काढायची. धुता धुता काच फुटली की मुलींची बोटं कापायची. त्यातून श्रावण-भाद्रपदात तापाच्या पेशंटची रांग फाटकाबाहेर जायची, तेव्हा भांड्यातलं पाणी उकळायच्या आधीच कुणीतरी चिमट्यानं सिरिंज उचलायचं. एका वर्षी तीन-चार जणांना कावीळ झाली. दवाखान्यातूनच झाली असं कुणी सिद्ध केलं नाही, पण दिनकरराव डॉक्टर त्यानंतर बरेच दिवस गप्प गप्प असायचे.

म्हणून एकदा वापरून फेकून द्यायच्या सिरिंजा औरंगाबादेत मिळायला लागल्यावर कस्तुरानं धोसरा काढला. बैठकीत ट्रस्टचे अध्यक्ष आबासाहेब यांनी भाव विचारला. डॉक्टरांनी विचारलं, पाकीट फाटलेलं नसेल तर आत पूर्ण निर्जंतुक असते ना. कस्तुरानं विचारलं, मधेच माल बंद पडणार नाही ना. माल विकायला आलेल्या कंपनीच्या एजंटानं तिघांनाही हवी ती उत्तरं दिली. वापरून झाल्यावर हे सगळं कुठं जाणार, हे कुणीच विचारलं नाही. तसं काही विचारायचं असतं, हेही कुणाच्या डोक्यात आलं नाही. दवाखान्यातलं सगळं आजवर जिथं जात होतं तिथंच जाणार होतं.

ते जात होतं भुजंगच्या शेतात.

भुजंग पिंगळीचा शेतकरी. वडलांच्या काळापासून त्यांची बैलगाडी बाजारच्या दिवशी भाजीपाला घेऊन परभणीला यायची आणि परत जाताना दवाखान्याच्या मागून कचरा भरून न्यायची. भटारखान्यातलं उष्टं, भाज्यांची देठं, चुलीची राख, पेंढा, कागद. रक्ताच्या पट्ट्या आणि कापूस मागच्या खड्ड्यात जाळायचे, त्याची राखही तो न्यायचा. उकिरड्यात शेणाबरोबर हे सगळं कुजायचं आणि उन्हाळ्यात त्याच्या काळ्या रानात पसरलं जायचं. दवाखान्याची घाण जायची, त्याला खत मिळायचं. दोन्हीकडं बरं होतं.

त्या वर्षी त्या कचऱ्यात सिरिंजा पडायला लागल्या. झाडणाऱ्या कडूबाईनं एकदा विचारलं होतं, "सिस्टर, ह्या कशात टाकू?" कस्तुरा तेव्हा एका बाळंतिणीजवळ होती. "टाक ना बादलीत," ती म्हणाली. दुसरं काही सांगण्यासारखं तेव्हा कुणाकडंच नव्हतं.

कस्तुराची आई बायनाबाई याच भुजंगच्या शेतात मजुरीला जायची. हे लोक मूळचे पिंगळीचे नव्हते. विद्यापीठाच्या नामांतराच्या दंगलीत गावातली त्यांची घरं जळाली तेव्हा कस्तुरा नर्सिंगच्या शाळेत होती. बायनाबाई धाकट्या सूर्यभानला घेऊन पिंगळीला भावाकडं आली आणि परत त्या गावाला गेली नाही. त्या दिवसाबद्दल ती कधी बोललीही नाही. सूर्यभान पुढं रेल्वेत गँगमन म्हणून लागला, त्याचं लग्न झालं, कस्तुराचा पगार होताच. आता रानात जायची गरज नाही असं दोघांनी किती वेळा सांगितलं. बायनाबाई म्हणायची, "घरात बसून काय करू? भिंतीशी बोलू?"

श्रावणात एका दुपारी सूर्यभान आईला घेऊन दवाखान्यात आला. पॅसेंजरनं आणलं होतं. स्टेशनपासून ऑटोत. कस्तुरा बाहेर आली तर बायनाबाई बाकड्यावर ताठ बसलेली, आणि तोंडावर हसू.

"काय झालं माय?"

"काय न्हाई गं," बायनाबाई म्हणाली. ओठ हलले, दात हलले नाहीत. "मान आकडली."

"कालपासून तोंड उघडाना गेलंय," सूर्यभान म्हणाला. "भाकर चावता येईना. म्या म्हणलं दाढ दुखत असंल."

कस्तुरानं आईच्या गालावर हात ठेवला. गाल दगडासारखा घट्ट होता. ते हसू हसू नव्हतं. असं तोंड तिनं आधी पाहिलेलं होतं, बाळंतिणींचं, शेतकऱ्यांचं, एकदा एका तान्ह्या पोराचं. तिला धनुर्वात हा शब्द आठवला आणि त्यामागून दुसरं काहीच आलं नाही. भीती यायला पाहिजे होती. ती आली नाही.

"कुठं लागलं होतं का?" तिनं विचारलं. "आठ-पंधरा दिवसांत. पायाला, हाताला."

"न्हाई."

"आठव माय."

बायनाबाई विचार करत राहिली. मग म्हणाली, "सुई घुसलती पायात. खुरपताना. बारीक व्हती, तुमच्याकडली असती तसली. काढली की लगीच. हळद भरली."

"मला का नाही सांगितलं? गेल्या बाजारी तू इथं आली होतीस."

"तेवढ्याला काय सांगायचं?"

सूर्यभान बहिणीकडं बघायला लागला. कस्तुरानं खाली वाकून आईचा पाय मांडीवर घेतला. टाचेच्या वर एक काळा ठिपका होता. बाजूची कातडी बरी दिसत होती. इतक्या लहान जागेतून हे होतं, हे ती शिकाऊ मुलींना दरवर्षी शिकवायची.

दिनकरराव डॉक्टर आले. त्यांनी बघितलं आणि कस्तुराला बाजूला घेतलं. दोघांनाही माहीत होतं. कोपऱ्यातली खोली रिकामी केली, खिडकीला काळं कापड लावलं. धनुर्वाताच्या माणसाला उजेड चालत नाही, आवाज चालत नाही. नुसतं दार वाजलं तरी सगळं अंग धनुष्यासारखं ताणून वर उचललं जातं. म्हणून कस्तुरानं बाहेरच्या वऱ्हांड्यातल्या लोकांना दुसरीकडं बसवलं, सगळ्यांना चपला काढून ये-जा करायला लावली, आणि स्वतः अनवाणी आत गेली.

विषावर उतारा म्हणून सीरम द्यायचं होतं. झटके थांबवायचं औषध द्यायचं होतं. तिनं पाकीट फाडलं, नवी कोरी सिरिंज काढली, औषध ओढलं आणि आईच्या दंडात सुई घातली. हात हलला नाही. आईला दुखलं नाही, सुईला धार चांगली होती. मग रिकामी सिरिंज हातात घेऊन ती उभी राहिली. बादली दारापाशीच होती. कस्तुरा तिथंच उभी राहिली, सिरिंज धरून. कडूबाई पाय न वाजवता आत आली, तिनं ती सिरिंज तिच्या बोटांतून सोडवून घेतली आणि बादलीत टाकली. दुसरं काय करणार होती?

बायनाबाई आठवडाभर जगली. शेवटचे दिवस ती बोलू शकत नव्हती, पण शुद्धीवर होती. धनुर्वातात शुद्ध जात नाही. कस्तुरानं सगळं केलं. नळीतून दूध, अंग पुसणं, कूस बदलणं, औषधाच्या वेळा. मधल्या वेळेत ती बाहेर येऊन वॉर्डातली कामंही करायची. "सिस्टर, तुम्ही आईजवळ थांबा," डॉक्टर म्हणाले. ती "हो" म्हणाली आणि बाळंतिणींच्या वॉर्डात चादरी बदलायला गेली. एका सकाळी आईचं अंग वर उचललं गेलं, श्वास थांबला आणि परत आला नाही. कस्तुरानं नाडी बघितली, खिडकीवरचं काळं कापड काढलं, आणि बाहेर जाऊन सूर्यभानला सांगितलं.

पिंगळीला सगळं झालं. बाया रडल्या. सूर्यभान रडला, त्याची बायको रडली. कस्तुरा रडली नाही. तिनं आल्या-गेल्याला पाणी दिलं, कुणाची सोय कुठं करायची ते सांगितलं. जलदानाच्या, मेलेल्या माणसाला पाणी द्यायच्या दिवशी सगळे हात जोडून बुद्धवंदना म्हणत होते तेव्हा तीही म्हणत होती, आणि शब्द तोंडातून बरोबर येत होते. कस्तुराची म्हातारी मामी शेजारणीला म्हणाली, "दवाखान्यात ऱ्हाऊन ऱ्हाऊन काळीज वाळून जातंय बाई." कस्तुरानं ते ऐकलं. तिला ते खरं वाटलं.

कामावर परत आल्यावर थोड्या दिवसांनी भुजंग आला. बाजारचा दिवस होता, पण गाडी रिकामी होती. एक पोतं तेवढं होतं. ते त्यानं खांद्यावर न घेता, अंगापासून लांब धरून आणलं आणि वऱ्हांड्यात ठेवलं.

"बाई, हे तुमचं हाय."

कस्तुरानं तोंड सोडून आत पाहिलं. सिरिंजा होत्या. मातीनं काळ्या पडलेल्या, काही चेपलेल्या, काहींना सुया तशाच. सलाईनच्या नळ्यांची भेंडोळी होती. काहीही कुजलं नव्हतं.

"बायांना रानात जाऊ दिलं न्हाई मी," भुजंग म्हणाला. "मी अन् सालगड्यानं बूट घालून येचल्यात. अजून निघायल्यात. वखर मारला की निघायल्यात. उन्हाळ्यात खत फेकताना दिसल्या व्हत्या मला. म्हणलं पलास्टिक हाय, हळूहळू मातीत जाईल. मला काय म्हाईत."

"मलाही माहीत नव्हतं पाटील."

"बायनाबाई आमच्या आईच्या वेळेपासून रानात यायची." तो पायाकडं बघत होता. "पाण्याच्या दिवशी मी आलतो. मागं उभा व्हतो. तुमी बगितलं का न्हाई, काय की."

"बघितलं."

"आता कचरा न्यायचा न्हाई मी. माझ्यानं व्हणार न्हाई."

"नका नेऊ," कस्तुरा म्हणाली.

तो काहीतरी अजून ऐकायला थांबला. तिनं त्याला बोलावं, ओरडावं, असं त्याला वाटत असावं. तिच्याकडं तसलं काही नव्हतं. ती म्हणाली, "चहा घेता का?" त्यानं मान हलवली आणि गाडी घेऊन गेला.

कचरा न्यायला कुणी नाही म्हटल्यावर तो साचायला लागला. नाल्याच्या कडेला ढीग झाला. कुत्री नळ्या ओढून रस्त्यावर आणायची. मग कडूबाईच्या नवऱ्यानं, तो दवाखान्याचा माळी होता, रॉकेल टाकून ढीग पेटवून दिला. असा धूर परभणीत त्या भागात कुणी पाहिला नव्हता. काळा, जड, वर न जाता जमिनीलगत पसरणारा. वारा फिरला आणि तो बायकांच्या वॉर्डात शिरला. दम्याच्या एका बाईला उचलून पुढच्या वऱ्हांड्यात न्यावं लागलं. नाल्यापलीकडच्या वस्तीतली माणसं फाटकावर आली. "आमची लेकरं खोकायलीत, तुमी दवाखाना चालवायलात का भट्टी?" एक जण ओरडत होता. कस्तुरानं खिडक्या लावून घेतल्या. आग विझली तेव्हा प्लास्टिक वितळून त्याचा एक काळा गोळा झाला होता, आणि त्यातून सुयांची टोकं वर आलेली होती.

पुढच्या आठवड्यात खरेदीची बैठक होती. आबासाहेबांच्या ऑफिसात तिघं बसले होते, आबासाहेब, डॉक्टर आणि कस्तुरा. औरंगाबादचा एजंट नवी योजना घेऊन आला होता. सिरिंजांबरोबर आता हातमोजे, लघवीच्या पिशव्या, ऑपरेशनच्या चादरी, प्लास्टिकच्या बाटलीतलं सलाईन, सगळंच एकदा वापरायचं. जास्त घेतलं तर स्वस्त. नमुने त्यानं टेबलावर मांडले. आबासाहेबांनी एक हातमोजा ताणून बघितला.

"चांगलं आहे की," ते म्हणाले. "धोब्याची कटकट जाईल. सिस्टर, तुमचं काय म्हणणं?"

"वापरून झाल्यावर हे कुठं जाणार?"

"म्हणजे?"

"हा मोजा. पेशंटचं झालं, काढला. आता तो कुठं जाणार?"

आबासाहेबांनी मोजा खाली ठेवला. "त्याची व्यवस्था करू. आपण नाल्याकडची जागा घेतोय. मोठा खड्डा खणू."

"तो भरल्यावर?"

एजंट हसला. "सिस्टर, सगळ्या दवाखान्यांत असंच आहे."

"तुमची गाडी माल घेऊन येते," कस्तुरा त्याला म्हणाली. "परत जाताना रिकामी असते. वापरलेलं परत न्याल का?"

"वापरलेलं घेऊन आम्ही काय करणार?"

"मग आम्ही काय करणार?"

आवाज चढला नव्हता. डॉक्टर तिच्याकडं बघत होते. ते म्हणाले, "कस्तुराबाई, तुमच्या आईचं जे झालं त्याचं मला फार वाईट वाटतं. पण आपण काविळीच्या भीतीनं या सिरिंजा आणल्या. परत काचेच्या आणल्या आणि एखादा पेशंट त्यातून गेला, तर त्याला मी काय सांगू? शेत वाचवायला तुला मारलं?"

"तुमचं बरोबर आहे," ती म्हणाली.

"मग?"

"मलाच तर हव्या होत्या त्या. मी परत काच आणा म्हणत नाही. एवढंच म्हणते, जे दवाखान्याच्या दारातून आत येईल, ते बाहेर कुठून आणि कुठं जाणार हे आधी ठरल्याशिवाय मी ते घेणार नाही. माझी सही लागते. मी सही करणार नाही. कुणी दुसरी करणारी बघायची असेल तर बघा."

आबासाहेब रागावले. म्हणाले, ही ट्रस्टची बैठक आहे, अशा अटी घालायच्या नसतात. कस्तुरानं ऐकून घेतलं. नोकरी जाईल असं तिला दिसत होतं आणि त्याचं तिला काही वाटत नव्हतं. एजंट नमुने गोळा करायला लागला.

डॉक्टरांनी टेबलावरची एक एक वस्तू हातात घ्यायला सुरुवात केली. चादर बाजूला ठेवली. "ही कापडाची चालते. धुऊन वाफ दिली की झालं." हातमोजे. "ऑपरेशनला रबरी आहेतच आपले, ते उकळता येतात." सलाईनची बाटली. "काचेची बाटली कंपनी रिकामी परत घेते." सिरिंज घेऊन ते थांबले. "काचेची सिरिंज वाईट नाही. आपल्याकडं ती नीट शिजत नाही, हे वाईट आहे. साध्या भांड्यात उकळून भागत नाही. वाफेच्या दाबाचं मोठं यंत्र घ्या, आणि ते चालवायला एक माणूस नेमा जो दुसरं काही करणार नाही. मग मी काच वापरीन." ते कस्तुराकडं वळले. "पण काविळीचा पेशंट, शंकेचा पेशंट, त्याला मी प्लास्टिकचीच वापरणार. त्याचं काय करायचं ते तुम्ही सांगा."

"सिमेंटची टाकी," कस्तुरा म्हणाली. "वरून बंद. नुसती एक नळी आत टाकायला. भरली की तोंड सिमेंटनं बुजवायचं. ती आपल्याच आवारात राहील. दुसऱ्या कुणाच्या रानात नाही."

आबासाहेब म्हणाले, यंत्राला फार खर्च येईल. डॉक्टर म्हणाले, या सगळ्या नमुन्यांना दरवर्षी येईल. एजंटाची योजना त्या दिवशी तरी बारगळली. यंत्र यायला दिवाळी उजाडली, टाकी त्याच्या आधी झाली. खरेदीच्या बैठकीत त्यानंतर कुठलीही वस्तू पुढं आली की आबासाहेब वैतागून का होईना, आधी विचारायचे, "सिस्टरना विचारा, हे मरायला कुठं जाणार." ते हसण्यावारी म्हणायचे. कस्तुरा सरळ उत्तर द्यायची.

तिला वाटलं होतं, हे झालं की काहीतरी सुटेल. काही सुटलं नाही.

खरा राग आला तो सिस्टरांना. वर्षभर पाकीट फाडायची सवय झाली होती. आता परत धुणं, परत मोजणं, परत फुटकी काच. केशर नावाची एक तरुण सिस्टर होती, गंगाखेडकडची, तोंडाला फटकळ. सगळ्यांच्या देखत ती म्हणाली, "तुमच्या आईपायी आम्ही बोटं कापून घ्यायची का?"

बाकीच्या मुली जमिनीकडं बघायला लागल्या.

"हो," कस्तुरा म्हणाली. "घ्यायची." आणि पहिला ट्रे तिनं स्वतः धुवायला घेतला.

केशर रडत बाहेर गेली. दुसऱ्या दिवशी कामावर आली, पण बरेच दिवस कस्तुराशी कामापलीकडं बोलली नाही.

पुढच्या उन्हाळ्यात कस्तुरा पिंगळीला गेली तेव्हा सूर्यभाननं तिला भुजंगच्या रानाकडं नेलं. तिकडच्या एका पट्टीत भुजंगनं काही पेरलं नव्हतं. बाकीच्या काळ्या रानात नांगरट झालेली, आणि ती पट्टी तशीच, गवत वाळलेलं. "अजून निघायल्यात," सूर्यभान म्हणाला. "पाटील म्हणायलेत, ऱ्हाऊ दे पडीक. मजूर आत जाईनात." भटारखान्याचं उष्टं आणि राख भुजंग आता परत न्यायला लागला होता, पण दर वेळी गाडी भरायच्या आधी तो लाकडानं सगळं उकरून बघायचा. कडूबाईला त्याचा राग यायचा. कस्तुराला नाही यायचा.

ती बांधावर उभी राहून त्या पट्टीकडं बघत राहिली. आई इथंच कुठंतरी उकिडवी बसून खुरपत असेल, इतकं तिला कळत होतं. त्याच्या पुढं मन जात नव्हतं. ऊन लागायला लागलं तेव्हा दोघं परत फिरले.

असेच दिवस गेले. आणखी एक पावसाळा झाला. विद्यापीठाचं नाव बदलल्याची बातमी आली त्या जानेवारीत सूर्यभान पेढे घेऊन दवाखान्यात आला, आवारात सगळ्यांना वाटले. काहींनी आनंदानं घेतले, काहींनी हातात घेऊन खिशात ठेवले. "माय पायजे व्हती आज," तो म्हणाला आणि डोळे पुसले. कस्तुरानं त्याच्या पाठीवर हात ठेवला.

त्याच आठवड्यात केशरचं बोट कापलं. सिरिंजची नळी हातात तडकली. जखम खोल होती. कस्तुरानं तिला बाकड्यावर बसवलं, बोट वर धरायला लावलं, काचेचा कण चिमट्यानं काढला आणि टाका घालायला घेतला. धनुर्वाताचं इंजेक्शन आधीच देऊन झालं होतं. केशर दात आवळून बसली होती. मग एकदम म्हणाली, "सिस्टर, मी तेव्हा वाईट बोलले."

"हलवू नको बोट."

"मी त्यांना आधी बघितलंच नव्हतं. आजारी होत्या तेव्हाच बघितलं. तोंड असं झालेलं. एरवी कशा होत्या त्या?"

कस्तुराचा हात थांबला. हे तिला कुणी विचारलं नव्हतं. गावात सगळ्यांना माहीत होतं आणि दवाखान्यात कुणाला विचारायचं सुचलं नव्हतं. तिनं उत्तर शोधलं. आधी नुसती ती अंधारी खोली आली. मग हळूहळू त्यामागून दुसरं काहीतरी आलं.

"बडबडी होती," ती म्हणाली. "पॅसेंजरमध्ये बसली की पिंगळीपासून परभणीपर्यंत शेजारच्या बाईचं सगळं खानदान विचारून घ्यायची. उतरली की मला सांगायची. कुणाच्या सुनेला काय झालं, कुणाच्या म्हशीला काय झालं. मला कंटाळा यायचा. मी म्हणायची, माय, मला ड्यूटी आहे."

"मग?"

"मग ती माझ्या मागं मागं वॉर्डात यायची आणि पेशंटना सांगायची."

केशर हसली. बोट हललं. "हलवू नको म्हटलं ना," कस्तुरा म्हणाली, आणि तिचा आवाज फाटला. तिनं टाका पुरा केला, दोरा कापला, पट्टी बांधली. हात व्यवस्थित चालत होते. तोंड ओलं झालं होतं ते तिला पट्टीवर थेंब पडल्यावर कळलं.

"ही पट्टी भिजली," ती म्हणाली. "थांब, दुसरी बांधते."